माशाच्या बाजूनं मोजायचं

मॅडम, मागच्या महिन्यात तुमच्या माघारी झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात कॉलेजच्या लोकांनी तुमच्या पदव्या वाचून दाखवल्या, नोकरीची वर्षं सांगितली, कोणकोणत्या समितीवर होतात तेही सांगितलं. मग माईक माझ्याकडे आला. "मत्स्यबीजवाल्या शेवंताबाई मॅडमच्या फार जवळच्या, त्या दोन शब्द बोलतील." मी उभी राहिले. एरवी माझा आवाज अर्ध्या चिखलीच्या बाजाराला ऐकू जातो. त्या दिवशी फुटला नाही. फुलं वाहिली आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बाईला दुःख अनावर झालं.

दुःख होतंच. पण तुमच्याबद्दल खरं बोलायचं तर आधी मी तुम्हाला सांगितलेलं एक खोटं तिथं कबूल करावं लागलं असतं, आणि शंभर माणसांसमोर तेवढी हिंमत झाली नाही. तुमच्यावर माझा राग होता, तीन पावसाळे जुना. त्या रागापायी, जी गोष्ट तुम्ही आयुष्यभर डोळ्यांनी पाहायची म्हणत होतात, ती माझ्या हौदात दहा पावलांवर असताना मी तुमच्यापासून लपवली. म्हणून हे लिहितेय. बोलायला उशीर झाला आहे हे मला कळतं.

तुम्ही पहिल्यांदा अमडापूरला आलात तेव्हा मी तुम्हाला लुबाडलं होतं, हे तुम्हाला माहीत होतं का? माझ्याकडे तेव्हा एकच हौद होता. त्यात सायप्रिनस मासे. हा मासा अंडी पाणवनस्पतीला चिकटवतो. म्हणून हौदात कापडाची पेटी बांधायची, तिला हापा म्हणतात, त्यात शेवाळाच्या जुड्या टाकायच्या आणि नर-मादी सोडायची. सकाळी जुडीवर जणू बारीक साबुदाणा शिंपडलेला असतो. तुम्हाला मुलींच्या प्रॅक्टिकलसाठी मूठभर जुडी हवी होती. मी किलोभर माशांचा भाव सांगितला. तुम्ही पर्स उघडलीत आणि दिला.

माझा दिवस खराब गेला. ज्याच्याशी घासाघीस होत नाही त्या गिऱ्हाइकाचा मला संशय येतो. तुम्ही पैसे दिलेत, जुडी पिशवीत घेतलीत आणि मग म्हणालात, "आता एक स्टूल दे."

"स्टूल कायले?"

"भाव तुह्या मनाचा झाला. आता वेळ माह्या मनाचा."

आणि बसलात. सकाळी दहापासून दोनपर्यंत, हाप्याच्या काठावर. माझं गिऱ्हाईक येत होतं, जात होतं, आणि कॉलेजची प्राध्यापिका पदर खोचून पाण्यात डोकं घालून बसली होती. जेवायची वेळ झाली तेव्हा तुम्ही डबा उघडलात आणि अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवलीत. तुमच्या जानेफळच्या घरून आलेली मिरची होती सोबत. मी विचारलं, "काय दिसून राह्यलं एवढं?" तुम्ही म्हणालात, "अजून काहीच नाही. उद्या दिसन." दुसऱ्या दिवशी पुन्हा आलात. त्या दिवशी मी पैसे मागितले नाहीत. माझ्यासारख्या बाईनं मागितले नाहीत, हे तुम्ही ओळखलं होतं का, हेही विचारायचं राहून गेलं.

त्या दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचा जुना सूक्ष्मदर्शक घेऊन आलात. काचेवर एक अंडं ठेवून मला म्हणालात, डोळा लाव. अंड्यात कडेनं वळलेला, भाताच्या कोंभासारखा जीव. डोकं कळत होतं, पाठ कळत होती, आणि शेपटीच्या टोकाशी एक बारीक गोल बुडबुडा.

"हा बुडबुडा पाहून घे," तुम्ही म्हणालात. "काही तासांचा पाहुणा आहे. याच्यात ठरते की माशाचं डावं कोणतं आन् उजवं कोणतं."

मी म्हटलं, "त्यात ठरवाचं काय? डावं ते डावं."

तुम्हाला असं कुणी बोललं की तुमचे डोळे चमकायचे. तुम्ही सांगितलंत की तोवर माशाचं डोकं-शेपूट ठरलेलं असतं, पाठ-पोट ठरलेलं असतं, पण दोन्ही कुशी अगदी सारख्या असतात. हृदय डावीकडे सरकायचं की उजवीकडे, हे शरीराला अजून माहीतच नसतं. त्या बुडबुड्याच्या आतल्या भिंतीला बारीक केस असतात. ते केस गरागरा फिरतात आणि आतलं पाणी डाव्या कुशीकडे वाहायला लागतं. डाव्या कुशीला कळतं की आपण डावी. मग ती तशी वागायला लागते.

"केस दिसत नाहीत," मी म्हटलं.

"आपल्या लेन्सले दिसणार नाहीत. घरात रवी आहे?"

रवी आणली. घमेल्यात पाणी ओतलंत, वर मूठभर कोंडा टाकलात. रवी सरळ उभी धरून घुसळलंत. कोंडा जागच्या जागी गोल फिरत राहिला. मग तुम्ही रवी आडवी व्हावी इतकी कलती केलीत आणि त्याच दिशेनं घुसळलंत. कोंडा सगळा एका काठाला जाऊन लागला. मी दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा त्याच काठाला.

"कलती धरली की अर्धा फेरा तळाला घासून वाया जाते," तुम्ही म्हणालात, "आन् अर्धा मोकळ्या पाण्यातून पाणी ओढून नेते. ते केस असेच शेपटीकडं कललेले असतात. फिरण्यात काही नाही शेवंते, कलण्यात आहे."

माझा बाप बैलबाजारात एका दलालाच्या हाताखाली होता. तिथं सौदा रुमालाखाली होतो. दोघांचे हात झाकलेले, बोटांनी भाव बोलायचा. बायकांना तिथं जागा नाही. मी लांबून बापाच्या नि गिऱ्हाइकाच्या कोपरांकडे पाहायची आणि कोणाचं कोपर किती कललं यावरून भाव ओळखायची. घमेल्यातला तो कोंडा पाहिला आणि मला ते कोपर आठवलं. मी तुम्हाला म्हटलं, "म्हणजे दोन पारडी सारखी असतात आन् हा बुडबुडा मधात बसून सौदा लावून देते. मंग?"

"मंग काम झालं की विरून जाते. नामोनिशाण राहत नाही."

"दलालच झाला की तो."

"हाव. पण दलाली घेत नाही."

"मंग दलाल नाही, येडा आहे."

तुम्ही इतक्या हसलात की चष्मा हौदात पडता पडता राहिला. नंतर कितीतरी वर्षं तुम्ही वर्गात त्या बुडबुड्याला 'शेवंताबाईचा येडा दलाल' म्हणायच्या, असं तुमच्या मुलींनी मला सांगितलं. तेव्हा मी फुगले होते. आज सांगते.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं, ते याच बुडबुड्यावरचं. मी विचारलं, केस शेपटीकडेच का कलतात? तुम्ही म्हणालात, पुढं-मागं आधीच ठरलेलं असतं, त्यावरून. मी विचारलं, मग ते एकाच दिशेनं का फिरतात? तुम्ही म्हणालात, केसाच्या आतली बांधणीच तशी असते, एका अंगाची. मी विचारलं, ती बांधणी तशी कुणी केली? तुम्ही कपाळावर हात मारलात. "बाजारात भाव पाडत पाडत खाली नेतेस तशी प्रश्न घेऊन खाली चालली तू. तळ लागला की मले सांग." आणि डाव्या कुशीला पाण्याचा धक्का कळतो की पाण्यातून काही वाहून येतं ते कळतं, हे विचारलं तेव्हा तुम्ही सरळ सांगितलंत, "यावर शिकलेल्या लोकांचं अजून भांडण चालू आहे." मला फार बरं वाटलं होतं. जिथं भांडण चालू आहे तिथं मला घरच्यासारखं वाटतं.

सूक्ष्मदर्शक तुम्ही माझ्याकडेच ठेवलात. म्हणालात, इथं असला म्हणजे मला यायला निमित्त. मला काम दिलंत: प्रत्येक जुडीतली काही पिल्लं पाहायची, हृदय कोणत्या बाजूला आहे ते वहीत लिहायचं. मी सातवी शिकलेली. पण काम दिलं की मी ते चोख करते. आठवडाभर लिहिलं आणि तुम्हाला वही दाखवली.

"सगळे उजवीकडं?" तुम्ही म्हणालात. "काऊन वं, तुह्या हौदातले मासे जगावेगळे आहेत काय?"

"मले दिसलं ते लिवलं."

"कसे ठेवले होते?"

"पोट वर करून. पोटाकडून हृदय चांगलं दिसते."

तुम्ही स्टूल ओढून माझ्यासमोर बसलात, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. "माहा डावा हात कोणता?" मी माझ्या डावीकडचा दाखवला. तुम्ही दुसरा वर केलात. त्या मनगटावर घड्याळ होतं.

"मासा तुह्यासमोर बसला आहे, तुह्या जागी नाही. ज्याचं डावं-उजवं मोजाचं, त्याच्या बाजूनं मोजाचं."

बैलबाजारात वाढलेली मी, आणि एवढं मला कळू नये! मी रागानं वही फाडायला निघाले. तुम्ही ती माझ्या हातून काढून घेतलीत आणि प्रत्येक 'उजवीकडे'वर बारीक रेघ मारून वर 'डावीकडे' लिहीत बसलात. एक एक करून, सगळी पानं. एकाही पानावर चुकीची फुली मारली नाहीत. शिकवणं म्हणजे काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

त्या दिवशीच मी तुम्हाला विचारलं होतं, की ते केस फिरलेच नाहीत तर? आणि मीच उत्तर दिलं, "सगळ्यांचं उलटं होईल."

"माह्या पोरीही परीक्षेत हेच लिहितात," तुम्ही म्हणालात. "उलटं होत नाही. निम्म्यांचं डावीकडं जाते, निम्म्यांचं उजवीकडं. छापा-काटा. सांगणारं कोणी राहिलं नाही की शरीर काहीतरी एक धरते आन् पुढं जाते. अशा पिल्लांची शेपटी वाकडी होते, थोड्या दिवसांत मरतात." मग पदरानं चष्मा पुसत म्हणालात, "मी इतकी वर्षं फळ्यावर काढून दाखवलं. दर वर्षी एखादी पोरगी विचारते, मॅडम, तुम्ही पाहिलं का? मी सांगते, नाही, पुस्तकात वाचलं. एकदा तरी डोळ्यानं पाह्यचं आहे."

कुणाला काय कळलं असतं? तुम्ही 'हो, पाहिलं' म्हणाला असतात तर कोण तपासायला येणार होतं? मी असते तर हो म्हटलं असतं आणि वर दोन गोष्टी रचून सांगितल्या असत्या. तुम्ही वर्षानुवर्षं नाही म्हणत आलात. तुमच्या पदव्यांपेक्षा ही गोष्ट मला मोठी वाटते, आणि त्या दिवशी हॉलमध्ये ती कुणी सांगितली नाही.

आता रागाचं सांगते.

माझे सगळे मासे एका मादीचे. तिला मी बुढी म्हणते. ओल्या पोत्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन तिला आणलं होतं. कंडक्टरनं मेलं का काय म्हणून विचारलं तर त्याच्याशी भांडले होते. तिच्या जिवावर एका हौदाचे तीन झाले. डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या बाईच्या दारात टेम्पो उभे राहायला लागले. तिचीच लेकरं, त्यांची लेकरं, त्यांच्यातच जोड्या लावायच्या. बाहेरचा नर कशाला विकत घ्यायचा? तुम्ही दर वर्षी सांगत होतात, "शेवंते, घरातल्या घरात लगीन लावू नको. एखादा लपलेला दोष दोन्हीकडून एकत्र आला की वर निघते." मी दर वर्षी म्हणायची, पुढच्या साली पाहू.

तीन पावसाळ्यांपूर्वी रोहिणखेडकडच्या दोघी बाया आल्या. त्यांच्या बचत गटानं गावचा तलाव घेतला होता, पहिलंच वर्ष. टेम्पोत पिशव्या तयार. तासभर घासाघीस झाली, घामाघूम होऊन सौदा जमला. तुम्ही तुमच्या स्टुलावर बसून अंडी पाहत होतात. त्यातली थोरली सहज तुमच्याकडे वळली.

"ताई, तुमी शिकेल दिसता. बीज चांगलं आहे ना?"

तुम्ही चष्मा काढलात.

"या हौदातलं घेऊ नका," तुम्ही म्हणालात. "यात सगळे बहीण-भाऊच आहेत. वाढ धरणार नाहीत. हिनं बाहेरचे नर आणले की मंग या."

दोघी एकमेकींकडे पाहत टेम्पोत बसल्या. रिकाम्या पिशव्या घेऊन गेल्या.

मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. "माह्या दारात बसून माहा माल पाडता? स्टूल माहं, चहा माहा, आन् जीभ त्यायची?"

"त्यायनं विचारलं शेवंते."

"विचारलं तं गप राह्याचं होतं!"

"त्यायचं पहिलंच साल आहे."

"आन् माहं शेवटलं करता काय?"

स्टूल मी अंगणात भिरकावलं. तुम्ही ते उचललंत, सरळ करून भिंतीशी ठेवलंत आणि निघून गेलात. टेम्पोवाल्यानं गोष्ट बाजारभर केली. पुढं दोन वर्षं लोक मला टोमणे मारत होते, "काय शेवंताबाई, औंदा कोन्या मामाच्या घरी लगीन?" ज्या बाजारात माझ्या शब्दाला वजन होतं तिथं मी चेष्टा झाले.

तुम्ही बरोबर होतात. ते तेव्हाही माहीत होतं. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती मी आजही मागे घेणार नाही. मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. "शेवंते, तू सांगतेस की मी सांगू," एवढं एकदा विचारता आलं असतं. आणि नंतर एकदा तरी म्हणायचं होतं, की चारचौघांत बोलायला नको होतं. तुम्ही म्हणाला नाहीत. महिन्याभरानं परत आलात, स्टुलावर बसलात, जणू काही झालंच नव्हतं. मीही चहा दिला. पण 'मॅडम' म्हणताना माझ्या आवाजात बर्फ होता, आणि तुम्हाला तो कळत होता.

बाहेरचे नर मात्र मी आणले नाहीत. तुम्ही म्हणालात म्हणूनच आणले नाहीत.

आणि मग हा पावसाळा. बुढीच्या नातवंडांची एक जोडी हाप्यात सोडली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी जुडी ताटात घेतली तर पिल्लांमध्ये काही वाकडी होती. विळ्यासारखी शेपटी. बरीच होती, चारात एखादं असावं. मी सूक्ष्मदर्शक काढला. आधी सरळ पिल्लं पाहिली. सगळ्यांचं हृदय डावीकडे. मग वाकडी घेतली. डावीकडे. उजवीकडे. उजवीकडे. डावीकडे. उजवीकडे. मला वाटलं, पुन्हा तीच चूक झाली. मी प्रत्येकाच्या बाजूनं मोजलं. मग पालथी करून पाठीकडून पाहिलं. तेच. स्वतःचा डावा हात वर करून, पिल्लाशेजारी धरून पाहिलं. तेच. निम्मी इकडं, निम्मी तिकडं, फळ्यावर तुम्ही काढायच्या तसं.

मॅडम, पहिला विचार तुमचाच आला. फोन हातात घेतला, नावही काढलं. मग दुसरा विचार आला. फोन करणं म्हणजे सांगणं की माझ्या घरातल्या घरात लावलेल्या लग्नातून हे निघालं. म्हणजे रोहिणखेडच्या बायांसमोर तुम्ही जे बोललात त्याची पावती मी स्वतःच्या हातानं फाडून द्यायची. मी फोन खाली ठेवला.

त्याच दिवशी चार वाजता तुम्ही आलात. न सांगता, रिक्षा करून. दारापासून स्टुलापर्यंत येताना दोनदा थांबलात. किती वाळला होतात! मी विचारलं, तर म्हणालात, "वय झालं." कॉलेजात शिपायापासून सगळ्यांना तुमचा आजार माहीत होता. मला नव्हता. ही माझी दुसरी तक्रार. मला सांगितलं असतं तर... पण ते वाक्य मी पूर्ण करणार नाही. आजारी आहात म्हणून दाखवायचं आणि बऱ्या आहात म्हणून लपवायचं, हा कसला हिशोब?

चहा घेता घेता तुम्ही विचारलंत, "शेवंते, वाकडी पिल्लं निघतात का वं तुह्याकडं?"

तुम्ही असं आधी कधी विचारलं नव्हतं. हापा दहा पावलांवर होता. पिल्लांचं ताट त्याच्याच काठावर झाकून ठेवलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "माह्याकडं वाकडं काही निघत नाही."

"बरं."

एवढंच. तुम्ही कप खाली ठेवलात. साखर जास्त झाली म्हणालात. मग निघताना म्हणालात, "त्या डावीकडच्या हौदाचं पाणी बदल. जड झालं आहे." आपण समोरासमोर होतो. मी माझ्या डावीकडे वळले, आणि थांबले. "तुमच्या डावीकडच्या?" मी विचारलं.

तुम्ही हसलात. तीन वर्षांत पहिल्यांदा तसं हसलात. "शिकली तू," म्हणालात.

तुमच्या डावीकडचा हौद म्हणजे ज्यात तो हापा होता तो. तुम्हाला कळलं होतं का, मॅडम? पाणी पाहून कळलं, की माझं तोंड पाहून? कळलं असेल तर दहा पावलं का आला नाहीत? तुम्हाला अडवणारं कोण होतं? मी रात्रंदिवस हेच उलटसुलट करते आहे. पण कधी कधी वाटतं, मी दाखवावं याची वाट पाहून तुम्ही गेलात. दुसऱ्याच्या हाप्यात न विचारता हात घालायचा नाही, ही तुमची रीत होती. तोंड मात्र मला न विचारता घालायच्या, तेही समोरचा विचारेल तेव्हाच. हे लिहितानाही मला पुन्हा राग येतोय, आणि हसूही.

मी म्हटलं होतं, आठ दिवसांत जाईन कॉलेजात, सांगेन. दुसरी जोडी सोडेन, तेव्हा बोलावीन. मी भाव ताणून धरते, समोरचा परत येतोच, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. तुम्ही परत आला नाहीत.

पुण्यानुमोदनाहून घरी आले त्याच संध्याकाळी मी तीच जोडी पुन्हा हाप्यात सोडली. शेवटची. तुमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना निरोप पाठवला, तिसऱ्या दिवशी या. आल्या, नऊ जणी. सूक्ष्मदर्शक हौदाच्या काठावर मांडला आणि तुमचं स्टूल पुढं ठेवलं. एकीला बसायचा संकोच वाटला. मी म्हटलं, "बस वं, बसायलेच ठेवलं आहे."

पहिलीनं डोळा लावला. "उजवीकडं आहे, मावशी."

"तुह्या उजवीकडं की त्याच्या?"

मग काचेवरून डोळा न काढता तिनं स्वतःचा डावा हात हळूच वर उचलला, आणि मला इतका वेळ आवरलेलं आवरेना. "त्याच्या," ती म्हणाली. "त्याच्याच उजवीकडं आहे." पुढच्या पिल्लाला दुसरीनं पाहिलं, डावीकडे. मग उजवीकडे. मग एकीनं दोनदा सलग उजवीकडे. वहीत लिहीत गेल्या. नंतर सरळ पिल्लं दाखवली, तिथं एकही चुकलं नाही. कुणी तरी म्हणालं, "मॅडमनी सांगितलं तसंच निघालं."

मग त्यातली एक, चष्मेवाली, अंगानं तुमच्याहून बारीक पण बोलणं तुमचंच, तिनं विचारलं, "मावशी, मॅडमनी हे पाहिलं होतं?"

त्या प्रश्नाला तुम्ही इतकी वर्षं खरं उत्तर देत आलात. माझ्यावर पहिल्यांदाच आला होता.

"नाही," मी म्हटलं.

"काऊन?"

"माह्यामुळं. मी दाखवलं नाही."

नऊ पोरी माझ्याकडे पाहत राहिल्या. बाजारात कुणी असं पाहिलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते. तिथं उभी राहिले, बस. चष्मेवालीनं वही मिटली नाही. तिनं आमचं बोलणं जसंच्या तसं, माझ्यासमोर, पानाच्या खाली लिहिलं. मी तिला खोडू दिलं नाही.

रोहिणखेडच्या थोरलीला फोन केला. बाहेरचे नर आणलेत, पुढच्या खेपेला या, आणि आधी आपल्या डोळ्यांनी पाहून घ्या म्हटलं. ती म्हणाली, "ती शिकेल ताई असंन ना तठी?" मी म्हटलं, स्टूल आहे. बुढीला विकलं नाही, विहिरीत सोडलं. एकटीच असते. भाकरीचा तुकडा टाकला की वर येते.

डावीकडच्या हौदाचं पाणी बदललं, मॅडम. तुमच्या डावीकडच्या.

आणि त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर हे आहे: हो, निघतात. चारात एखादं. आणि त्यातल्या निम्म्यांचं उजवीकडे असतं. तुमच्या स्टुलावरून अगदी स्वच्छ दिसतं.